सिस्टरने न पाहता दाखवलेलं माझं घर

डॉक्टर मॅडमनी अंशूच्या छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. एकदाच वास घेतला. मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत पांढरा रंग वाळलेला होता.

"पेंटर आहात?"

"हो जी."

"मग हा थिनर प्यायला."

मी गाडी लावून नुकताच आत आलो होतो. सरिता, म्हणजे माझी बायको, त्याची पाठ चोळत होती. आम्ही दोघांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. आमचं दोन वर्षांचं लेकरू तिच्या खांद्यावर खोकत होतं, ओठ जरा काळपट दिसत होते. मॅडमनी फक्त वासावरून ओळखलं. एवढ्या घाईतही मला त्याचं नवल वाटलं, हे आठवतं.

झालं ते असं. मी गोंदियाजवळ कुडव्याला राहतो, घरांना रंग द्यायचं काम करतो. दिवाळीच्या आधीचे दिवस, हाताला उसंत नव्हती. ऑइल पेंटमध्ये घालायचं तारपीन, ज्याला आम्ही थिनरच म्हणतो, ते मोठ्या डब्यातून गाडीवर नेताना सांडतं. म्हणून मी ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून न्यायचो. किती वर्षांपासून तसंच करत होतो. त्या सकाळी नऊच्या सुमारास बाटली उंबरठ्यावर ठेवली आणि गाडीला शिडी बांधायला वळलो. दोरीची गाठ मारेपर्यंत मागून ठसका ऐकू आला.

अंशूनं बाटलीला तोंड लावलं होतं. झाकण मी नीट लावलं नव्हतं. किती प्यायला ते कळत नव्हतं, अर्धं तर त्याच्या सदऱ्यावरच सांडलं होतं.

शेजारच्या काकू धावत आल्या. "उलटी करवा, उलटी करवा. मिठाचं पाणी पाजा." सरितानं पाजलं. त्याला उलटी झाली, आणि त्यानंतर खोकला थांबेचना. तसंच त्याला घेऊन आम्ही गोंदियातल्या दवाखान्यात पोचलो.

मॅडमनी विचारलं, "उलटी करवली का?"

सरितानं मान हलवली.

"पुढे कधी करवू नका. कोणी सांगितलं तरी नाही." आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. "पोटात गेलेल्या घोटाची मला तेवढी चिंता नाही. हे पातळ असतं. ठसका लागला की श्वासनळीत उतरतं आणि फुफ्फुसात पसरतं. उलटी करवली की वर येताना पुन्हा उतरायची संधी मिळते."

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, केमिकल न्यूमोनायटिस. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, ही सूज केमिकलमुळे येते. तारपीन, रॉकेल, पेट्रोल, सगळ्यांचं असंच. यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, लक्ष ठेवायचं आणि फुफ्फुसाला सावरू द्यायचं.

"आत्ताचा एक्स-रे साफ आला तरी मी घरी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "सूज दिसायला वेळ लागतो. सहा तासांनी दुसरा काढू, मग कळेल."

अंशूच्या नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावली. पायाच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा. पडद्यावरचा आकडा नव्वदच्या खाली होता. नळी लावल्यावर तो हळूहळू वर चढला. मी त्या आकड्याकडे बघत उभा होतो आणि सरिता माझ्याकडे.

बाहेरच्या बाकावर आमचं भांडण झालं. सुरुवात हळू आवाजात झाली.

"काऊन पाजलं मीठपाणी?" मी म्हणालो.

"आणि बाटली कोणं ठेवली उंबरठ्यावर?"

उत्तर नसलं की माणूस आणखी मोठ्यानं बोलतो, तसा मी बोललो. सरितानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात एक सिस्टर स्टूल ओढत आमच्यासमोर येऊन बसल्या. वनिता सिस्टर. पन्नाशीच्या असतील. जाड भिंगाचा चष्मा, हातात एक कोरा कागद. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत होतं.

"चहापाणी झालं का?" त्यांनी आधी तेच विचारलं. मग म्हणाल्या, "दादा, ताई, सहा तास बसायचंच आहे. चूक कोणाची, ते मी विचारणार नाही. मी दुसरंच काही विचारते. घरी किती लेकरं?"

"दोन. मोठी पोरगी सहा वर्षांची, तन्वी."

"आत्ता कुठं आहे?"

"गावी, बिरसीला. माझ्या आईकडे," मी म्हणालो. "दिवाळीची सुट्टी लागली ना."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. आधी तुमच्या घरी जाऊ. दादा, डोळे मिटा. अंशूएवढे व्हा. कमरेपेक्षा थोडं खाली. आता दार उघडा. काय दिसून राहिलं?"

मला वाटलं, ही बाई काय खेळ मांडून राहिली. पोरगं आत श्वासासाठी झगडतंय आणि हिला खेळ सुचतोय. तरी डोळे मिटले. काही करायला मिळालं, हेच बरं वाटलं असेल.

"दिवाण," मी म्हणालो.

"दिवाणाच्या वर नका पाहू. अंशूची नजर खाली जाते. खाली काय?"

दिवाणाखाली माझे ब्रश, पुट्टीची पोती, दोन डबे. एक उंदराच्या औषधाचं पाकीट, मागच्या महिन्यात टाकलेलं. ते मला तोवर आठवलंही नव्हतं.

"पुढे चला. डाव्या हाताला?"

"मिक्सर. इस्त्री."

"इस्त्रीची वायर कुठवर लोंबते?"

मी हातानं उंची दाखवली. डोळे मिटलेलेच होते. माझा हात थांबला तिथं बरोबर अंशूचा खांदा येतो.

असं करत करत त्यांनी मला अख्खं घर फिरवलं. मोरीत बादली भरलेली असते का? असते. फिनाईल कुठं? मोरीतच, खाली, पाण्याच्या बाटलीत भरलेलं. ते सरितानं सांगितलं, अगदी हळू आवाजात. भाताची उकळती पेज काढून कुठं ठेवता? खाली, चुलीच्या बाजूला. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण आहे का? नाही, तुटलं, सेलवर चिकटपट्टी लावली आहे. त्या विचारत होत्या आणि मला माझंच घर पहिल्यांदा दिसत होतं. मी त्या घराच्या भिंती स्वतः रंगवल्या आहेत. कोणत्या कोपऱ्यात पोपडा आहे ते मला पाठ आहे. पण अडीच फुटांच्या खाली मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि ज्या बाईनं आमची गल्लीसुद्धा पाहिली नव्हती, तिला ते सगळं दिसत होतं.

मी डोळे उघडले. "सिस्टर, तुम्हाला कसं माहीत?"

"घरोघरी हेच असते जी. माझ्या घरीही होतं."

मग त्या म्हणाल्या, "आता बिरसीला जाऊ. तुमच्या आईचं घर. शेती आहे?"

"धानाची. थोडी."

"मागच्या वर्षीचा धान घरात आहे? किडा लागू नये म्हणून त्यात गोळ्या टाकतात ना? त्या कुठं ठेवतात?"

मला माहीत होतं. धानाच्या कोठीमागे, जमिनीला लागून. लहान होतो तेव्हापासून त्यांची डबी तिथंच असते, तेच मी सिस्टरांना सांगितलं.

सिस्टरांचा आवाज बदलला नाही. "आईला फोन लावा. आत्ता. घाबरवू नका. फक्त सांगा, ती डबी शोधा आणि तन्वी कुठं आहे ते पाहा."

अंशूचं आईला दवाखान्यात पोचल्यावरच कळवलं होतं, तिनं दुसऱ्या रिंगला उचलला. "बापू, पोरगं कसं हाये?"

"ठीक हाये. आई, कोठीमागची गोळ्यांची डबी पाहा बरं."

"कायले? आत्ता कायले डबी पायजे?"

"पाहा ना. फोन चालू ठेव."

ती गेली. फोनवर वरून जाणाऱ्या शिकाऊ विमानाची घरघर आली, बिरसीला विमानतळ आहे, तिकडे दिवसभर ती असतेच. मग कोंबड्या. मग कोठीमागे चाचपडल्याची खरखर. सरितानं माझं मनगट धरलं होतं, भांडणानंतर पहिल्यांदाच.

"इथं तर नाही रे," आई म्हणाली.

"तन्वी कुठं हाये?"

"सपरीत. दुकान-दुकान खेळून राहिली दोन पोरींसंग."

"जा तिथं. फोन घेऊन जा."

पडवीकडे जाणाऱ्या चपलांचा आवाज. पोरींचं बोलणं. आणि मग आईचा आवाज, जो मी आयुष्यात तसा कधी ऐकला नव्हता. "अगं माय... आण ते. आण इकडं. तन्वी, दे माझ्याजवळ."

चकचकीत डबी होती ना. पोरींनी दुकानात मांडली होती. विटांच्या फळीवर, मुरमुऱ्याच्या वाटीशेजारी.

"झाकण?" मी ओरडलो. रांगेत बसलेली माणसं वळून पाहू लागली.

"घट्ट हाये. उघडलं नाही रे बापू. उघडलं नाही."

सिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आजी, मी दवाखान्यातून बोलते. डबी उघडू नका, ओली होऊ देऊ नका. लेकरांच्या खोलीत, झोपायच्या खोलीत ठेवू नका. बाहेरच्या गोठ्यात उंच जागी, कुलूप लावून. मग लेकरांचे हात साबणानं धुवा, तुमचेही. मुलगा आला की तो कृषी केंद्रावर विचारून पुढचं करेल. तुम्ही चांगलं केलं, आजी."

त्यांनी फोन मला परत दिला आणि मग आम्हाला सांगितलं. त्या गोळीला पाणी किंवा ओल लागली की विषारी वायू निघतो. पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही. खूप मोठ्या दवाखान्यांतूनही लेकरं परत येत नाहीत.

मी बाकावर बसलो. अंशूसाठी आलो होतो. अंशू आत होता, त्याला ऑक्सिजन होता, डॉक्टर होते. आणि ज्या पोरीला या बाईनं कधी पाहिलं नाही, जी या दवाखान्यापासून कितीतरी दूर विटांचं दुकान मांडून बसली होती, तिच्या हातातून एका कागदानं आणि चार प्रश्नांनी मरण काढून घेतलं होतं. त्या वेळी मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. देवळात गेल्यावर काही वेळा आपण बोलायचं विसरतो, तसं काहीतरी.

"सिस्टर, हे तुम्ही सगळ्यांना विचारता?" सरितानं विचारलं.

"ज्यांचं लेकरू आतमध्ये आहे त्यांना. ताई, गावात जाऊन सांगितलं तर लोक हो हो म्हणतात आणि विसरतात. इथं बसलेला माणूस विसरत नाही. पण त्याला रागावलं की तो घरी जाऊन बायकोला रागावते, बायको सासूला. बाटली मात्र तिथंच राहते." मग त्यांनी तो कागद आमच्या हातात दिला. त्यावर आमचं घर होतं, आम्ही सांगितलेली एकेक वस्तू जागेसह. वर फक्त तीन ओळी लिहिल्या होत्या. आज करायचं, या आठवड्यात करायचं, दोघांनी मिळून करायचं. 'दोघांनी' खाली रेघ मारलेली होती.

तीन वाजून गेल्यावर दुसरा एक्स-रे काढला. मॅडमनी स्क्रीनवर दोन्ही शेजारी लावले. सकाळच्या एक्स-रेत फुफ्फुस काळं, म्हणजे साफ. दुपारच्या एक्स-रेत उजवीकडे खालच्या बाजूला पांढरट डाग. पावसाळ्यानंतर भिंतीला ओल येते, अगदी तसा.

"इथं सूज आली आहे. दाखल करायचं."

दुसऱ्या दिवशी ताप चढला. श्वास जोरात चालू झाला. मॅडम यायच्या, अंशूच्या पोटावर नजर ठेवून घड्याळाकडे बघत मिनिटभर श्वास मोजायच्या, कागदावर आकडा लिहून जायच्या. दुपारी म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर नागपूरला हलवू. व्हेंटिलेटर लागेल असं मी म्हणत नाही, पण वेळ यायच्या आधी तिथं पोचलेलं बरं." मी धाकट्या भावाला फोन करून कपड्यांची पिशवी मागवली.

आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसलो. आता भांडण नव्हतं. सरिता म्हणाली, "मी पाणी पाजलं नसतं तर..." मी म्हणालो, "मी बाटली ठेवली नसती तर पाणी कायले पाजलं असतं?" एवढंच. दोघांनीही तो विषय तिथं ठेवला.

पाचच्या सुमारास मॅडमनी पुन्हा श्वास मोजला. एकदा मोजला, पुन्हा मोजला. मग पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. "कमी होतोय," म्हणाल्या. "नागपूर थांबवू."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. अंशूनं नळी ओढून काढली आणि शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या हातातल्या मुरमुऱ्याकडे बोट दाखवलं. चौथ्या दिवशी ऑक्सिजन बंद केला, आकडा खाली आला नाही. पाचव्या दिवशी एक्स-रे. तो पांढरा डाग निम्म्याहून अधिक पुसला गेला होता.

"औषधानं गेला?" मी विचारलं.

"नाही. त्याचं त्यानंच केलं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही फक्त सांभाळून धरलं. उरलेलंही जाईल."

मी ओल आलेल्या भिंती वर्षानुवर्षं खरवडतोय. एकही भिंत आपणहून कोरडी होऊन पांढरी झालेली पाहिली नाही. आणि या मुठीएवढ्या लेकराच्या आत कोणीतरी रात्रंदिवस काम करत होतं.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे जमिनीवर आडवा झालो. अंशूच्या नजरेच्या उंचीवर रांगलो. सरिता कागद हातात घेऊन उभी होती. सिस्टरांनी न विचारलेल्याही दोन गोष्टी सापडल्या. कपाटाखाली खेळण्यातला बटणासारखा सेल आणि दाराच्या फटीत नवं कोरं ब्लेड. फिनाईल मूळ डब्यात गेलं आणि डबा वरच्या फळीवर. बादली उपडी ठेवायला लागलो. थिनर आता त्याच्याच डब्यात असतं, लोखंडी पेटीत, कुलपात. किल्ली माझ्या करदोट्याला. बिरसीला जाऊन ती डबी भावानं आणि मी कृषी केंद्रावाल्याला दाखवली आणि त्यानं सांगितलं तसं केलं. आई त्या दिवसापासून कोठीमागे कोणाला काही ठेवू देत नाही, झाडूसुद्धा नाही.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आली तर लेकराला उलटी करवू नका, दूध, तूप, मीठपाणी काही पाजू नका. अंगावर सांडलेले कपडे काढा, अंग पाण्यानं धुवा, जे प्यायलं त्याची बाटली सोबत घ्या आणि निघा. भांडण नंतर करा. नाही केलं तरी चालते.

दहा दिवसांनी फेरतपासणी होती. मॅडमनी अंशूच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, त्याला फुग्यासारखं फुंकायला सांगितलं, म्हणाल्या, "साफ आहे." त्या दिवशी मी तन्वीलाही सोबत नेलं होतं. वनिता सिस्टर सलाईनची बाटली लावत होत्या. मी पोरीला पुढे केलं.

"सिस्टर, ही तन्वी."

त्यांना एक क्षण लागला. मग हातातलं काम दुसऱ्या सिस्टरकडे देऊन त्या खाली बसल्या, पोरीच्या उंचीवर. चष्मा वर सरकवून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

"तू होय का ती," एवढंच म्हणाल्या. तिची हनुवटी धरली, उठल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. मी आभार मानायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात दारातून एक बाप भाजलेलं लेकरू घेऊन आला आणि त्या तिकडे गेल्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर मला गोंदियात एक काम मिळालं. नवीन जोडपं, आठ महिन्यांचं बाळ, नुकतं रांगायला लागलेलं. पहिल्या दिवशी शिडी लावायच्या आधी मी म्हणालो, "भाभीजी, एक मिनट नीचे बैठोगे क्या? बच्चे जितना होके देखो, क्या दिख रहा है."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पेंटरचं हे काय नवीन. मीही तसाच पाहत होतो ना त्या बाकावर. मग मी अंशूचं सांगितलं. बाटलीचं, उंबरठ्याचं, सगळं. माझ्या हातून झालं तेही. लपवलं नाही.

त्या बाळाला कडेवर घेऊन आत गेल्या. मी शिडीवर चढलो. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला, मग काहीतरी वरच्या फळीवर ठेवल्याचा, मग मोरीच्या दाराला बाहेरून कडी लागल्याचा. मी ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो, ते आवाज थांबेपर्यंत.